पेटीतली चित्रपुस्तके वर्गात आणताना

प्रश्न नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांची शाळा पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी, पट बावीस. शाळेत साठ-सत्तर चित्रपुस्तके आहेत, पण ती लोखंडी पेटीत कुलूपबंद आहेत. ही पुस्तके फक्त गोष्टीच्या तासाला वाचून दाखवायची, की गणित, परिसर अभ्यास, कला अशा विषयांसाठीही त्यांचा उपयोग होतो, असे त्यांनी विचारले आहे. होत असेल तर कसा करायचा, आणि अभ्यासक्रम पुरा करण्याच्या धावपळीत त्यासाठी वेळ कोठून आणायचा, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत सव्वीस वर्षे शिकवत आले आहे. त्यातली बरीच वर्षे एकाच खोलीत दोन किंवा चार इयत्ता घेऊन बसण्यात गेली. त्यामुळे जे स्वतः करून पाहिले तेवढेच सांगते.

उपयोग होतो, आणि पुष्कळ होतो. पण कसा होतो हे सांगण्याआधी तो कसा होत नाही ते सांगणे मला जरुरीचे वाटते, कारण सुरुवातीची काही वर्षे मी तीच चूक केली. त्या काळात कोणतेही चित्रपुस्तक हाती आले की मी एका कागदावर चौकटी आखत असे: भाषा, गणित, परिसर, कला, कार्यानुभव. कोंबडी आणि तिच्या पिल्लांचे एक साधेसे पुस्तक होते. त्यावर मी चौदा प्रश्न काढले. पिल्ले किती, त्यांतली पिवळी किती, कोंबडी काय खाते, अंड्यापासून पिल्लू होण्यास किती दिवस लागतात, कोंबडीसाठी आणखी कोणता शब्द वापरतात, आणि शेवटी अर्थातच, या गोष्टीवरून आपण काय शिकलो. तिसऱ्या आठवड्यात तिसरे पुस्तक पेटीतून काढले तेव्हा दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्येचो अभ्यास नको, नुसता वाचूया." तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, विनंतीच होती. मला मात्र ते लागले, आणि लागायलाच हवे होते. मुलांसाठी वर्गात एक मोकळी जागा होती आणि तिलाही मी पाठ्यपुस्तक करून टाकले होते.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. कोणतेही चित्रपुस्तक पहिले दोन दिवस नुसते वाचायचे. प्रश्न विचारायचे नाहीत, फळ्यावर काही लिहायचे नाही, कठीण शब्दांचे अर्थ सांगायचे नाहीत. तिसऱ्या दिवसापासून जे काही करायचे ते मुलांनी पहिल्या दोन दिवसांत जेथे बोट ठेवले असेल तेथून सुरू करायचे. या पुस्तकातून कोणकोणते विषय शिकवता येतील याचा तक्ता आधी तयार करू नये, असे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. मूल चित्रावर बोट ठेवून "बाई, हे असे का?" असे विचारते तेव्हा त्या प्रश्नात विषय आलेलाच असतो, आणि तो बहुधा आपल्या तक्त्यात नसतो.

वाचून दाखवण्याची रीत साधी असली तरी ती सवयीनेच जमते. मुलांना अर्धवर्तुळात, पुस्तकापासून फार लांब नाही असे बसवावे. पुस्तक छातीशी न धरता खांद्याच्या बाजूला धरावे, म्हणजे तुमची नजर मजकुरावर आणि मुलांची चित्रावर एकाच वेळी राहते. यासाठी मजकूर जवळजवळ पाठ असावा लागतो, म्हणून आदल्या रात्री पुस्तक एकदा घरी मोठ्याने वाचून पाहावे. मुखपृष्ठ दाखवताना लेखकाबरोबर चित्रकाराचेही नाव वाचावे. आपल्याकडे हे नाव हमखास गाळले जाते. पान उलटण्याआधी क्षणभर थांबावे. चित्रपुस्तकातली निम्मी गंमत पान उलटण्यात असते, आणि चांगला चित्रकार ती जागा हेरूनच चित्र रचतो. तो थांबा तुम्ही गिळलात तर मुलांना पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला अवकाशच मिळत नाही, आणि विज्ञान असो की गणित, अंदाज बांधून तो पडताळून पाहण्याची सवय प्राथमिक वर्गांत लावायची असतेच.

चित्रपुस्तकात चित्र हे मजकुराची सजावट नसते. मजकूर म्हणतो, "आजी बाजाराला निघाली." चित्रात आजीच्या बगलेत छत्री असते, डोंगरामागे काळे ढग असतात आणि खळ्यात वाळत घातलेले काहीतरी तसेच राहिलेले असते. पाऊस येणार आणि ते भिजणार, हे पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही, पण पहिलीतले मूलही ते वाचते. ज्याला अजून काना-मात्रा ओळखता येत नाही ते मूल त्या क्षणी चौथीतल्या मुलाच्या बरोबरीने वाचत असते. बहुवर्गीय शाळेत याला किती मोल आहे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

चित्रे दाखवत गोष्ट सांगणे आपल्याला नवीन नाही. माझ्या शाळेपासून जवळच, कुडाळ तालुक्यात, पिंगुळी गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आजवर जपली आहे, आणि त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगायची, अशी ती रीत आहे. चित्रांच्या अशा एका गठ्ठ्याला 'पोथी' म्हणतात. या कलाकारांकडून मी एक गोष्ट शिकले: चित्र समोर धरल्यावर ते लगेच बोलत नाहीत, आधी लोकांना पाहू देतात. युरोपात याच्या अगदी उलट टोकाचे एक उदाहरण आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने मुलांसाठी केलेले सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये न्युरेंबर्ग येथे छापले गेले. त्यात चित्रातल्या वस्तूंना क्रमांक देऊन त्यांची नावे शेजारी लॅटिन आणि जर्मन भाषांत दिली होती, आणि निसर्गापासून धंद्यांपर्यंत सगळे विषय त्यात आले होते. त्या काळी ते मोठेच पाऊल होते. पण गोष्टीच्या पुस्तकातल्या चित्राला आपण असे क्रमांक चिकटवू लागलो की गोष्ट संपते आणि यादी उरते. माझ्या चौदा प्रश्नांनी नेमके हेच केले होते.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. आजी-नात, बाप-लेक किंवा मावशी-भाचा बाजाराला जातात, अशा विषयाचे एखादे पुस्तक बहुतेक संचांत असते. तुमच्या पेटीतही निघेल. शिक्षकाच्या मनात येणारा पहिला विचार म्हणजे टोपलीतली वांगी मोजायला लावायची. माझ्या वर्गात मुलांचे बोट वांग्यांवर गेलेच नाही, ते गेले तराजूवर. चित्रातली मासेवाली तागडीत मासे तोलत होती आणि आमच्या मुलांना ते पटेना. कोकणातल्या आठवडा बाजारात बांगडे-तारले वाट्यावर घेतात, तोलून नाही. एका वाट्यात किती मासे, हे त्या दिवशी मिळालेल्या मासळीवर आणि घासाघिशीवर ठरते. मग प्रश्न असा निघाला की बाजारात कोणती वस्तू कशावर विकतात. मुलांनी घरी विचारून आणले. नारळ नगावर आणि घाऊक असतील तर शेकड्यावर, आंबे डझनावर, पालेभाजी जुडीवर, मासे वाट्यावर, काजू किलोवर, तेल लिटरवर. एकीच्या आजीने भाताची पायली आणि शेर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी घरातले पितळेचे जुने मापही पाठवून दिले. त्या मापाने आम्ही वाळू मोजली आणि तेच माप पाण्याने भरून लिटरच्या बाटलीशी ताडून पाहिले.

यात प्रमाणित आणि अप्रमाणित मापे आली, वजन आणि धारकता यांतला फरक आला, डझन आणि शेकडा आले. 'वाटा' या शब्दातून भागाकार तर आपोआपच आला, कारण वाटा म्हणजे हिस्सा हे मुलांना माहीत होते आणि वीस बांगड्यांचे चार वाटे कसे पडतील हे कोणाला शिकवावे लागले नाही. परिसर अभ्यासातला बाजार, व्यवसाय आणि वाहतूक हा भागही त्याच ओघात झाला. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहेच. फरक एवढाच की येथे प्रश्न मुलांचा होता. पाठ्यपुस्तकातले ते पान आम्ही त्यानंतर उघडले, तेव्हा मुलांनी ते ओळखीचे असल्यासारखे वाचले. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी चित्र, मग परिसर, मग पाठ्यपुस्तक. उलट केले तर पुस्तक हा केवळ 'पूरक उपक्रम' ठरतो आणि पूरक गोष्टी जूनमध्ये सुरू होऊन ऑगस्टमध्ये बंद पडतात.

विज्ञानाच्या बाबतीत माझा अनुभव थोडा उफराटा आहे. तेथे मला चांगल्या चित्रांइतकाच, किंबहुना अधिक, उपयोग चुकलेल्या चित्रांचा झाला. एका पुस्तकात खेकड्याला सहा पाय काढले होते. आमची मुले पहिल्या पावसात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कुर्ल्या (खेकडे) पकडणारी, त्यामुळे गलकाच झाला. कोणी आठ म्हणाले, कोणी दहा. दुसऱ्या दिवशी एक जण डब्यात जिवंत कुर्ली घेऊन आला. चालायचे पाय आठ आणि दोन आंगडे (नांग्या), म्हणजे एकूण दहा, असे मोजून ठरले. आंगडे हे पाय धरायचे की नाही यावर बराच वाद झाला आणि तो मी मिटवला नाही. मोजण्याआधी 'पाय कशाला म्हणायचे' हे ठरवावे लागते, हे त्या वादातून मुलांच्या लक्षात आले. ते माझ्या सांगण्याने आले नसते. मग मुंगीचे पाय पाहिले, ते सहा. कोळ्याचे पाहिले, ते आठ. त्यानंतर मुलांना चाळाच लागला. पेटीतली सगळी पुस्तके उपसून त्यांनी सहा पायांचे कोळी शोधले, आणि ते सापडलेही. छापलेले सगळे खरेच असते असे नाही, आणि पडताळून पाहायचे असेल तर व्हाळाकडे जावे लागते, ही जाण मला कोणत्याही घटकचाचणीपेक्षा मोठी वाटते.

असाच एक प्रश्न चंद्राचा. मुलांच्या पुस्तकांत मध्यरात्रीच्या चित्रात, गाव गाढ झोपलेले असताना, आकाशात हटकून चंद्राची बारीक कोर असते. ती दिसायला छान दिसते, पण तसे घडत नाही. शुद्ध द्वितीयेची कोर दिवेलागणीनंतर तासा-दीड तासात मावळते, आणि वद्य पक्षातली बारीक कोर पहाटे उगवते. माघ-फाल्गुनात आभाळ निरभ्र असते, तेव्हा मी चौथीच्या मुलांना शुद्ध द्वितीयेपासून पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी उभे राहून चंद्राचे चित्र काढायला सांगते. त्या महिन्यांत आपल्याकडे संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी दिसते, पुस्तकातल्यासारखी उभी नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात येते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा मावळतो, हे आठवडाभरात कळते. चौदा दिवसांची चौदा चित्रे शिवली की मुलांचे स्वतःचे चित्रपुस्तक तयार होते. चित्रकाराला नावे ठेवण्यासाठी हे करायचे नाही, याची मात्र काळजी घ्यावी. गोष्टीतल्या चंद्राला थोडी सवलत असते, आणि 'गोष्टीत चालेल, पण नोंदवहीत चालणार नाही' हा भेद मुलांना नीट कळतो.

इतिहासाच्या बाबतीत मी अधिक सावध असते. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे आणि त्या विषयावरची सचित्र पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतली चित्रे आजच्या चित्रकारांनी काढलेली आहेत आणि मुले ती छायाचित्रासारखी खरी मानतात. म्हणून तेथे एकच प्रश्न पुरतो: चित्रकाराला हे कसे कळले असेल? तट-बुरूज आजही उभे आहेत, ते पाहून काढता येतात, पण एखाद्या मावळ्याचा चेहरा पाहून काढता येत नाही. पाहिलेले, वाचलेले आणि कल्पिलेले असे तीन रंगांचे ठिपके मुले चित्रावर ठेवतात. ठिपके कागदाचे असावेत, पुस्तकावर काही लिहू नये. एवढ्यानेच 'साधने' हा रुक्ष शब्द त्यांच्या हाती लागतो.

भूगोलासाठी गोष्टीचा रस्ता काढणे ही जुनी आणि खात्रीची कृती आहे. पात्र घरातून निघून कोठे वळले, कोठे थांबले, हे सगळे झाडावर बसलेल्या पक्ष्याला कसे दिसेल तसे जमिनीवर खडूने काढायचे, मग कागदावर. नकाशाची सुरुवात तेथून होते. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हानिहाय निघत आले आहे आणि त्यातला जिल्ह्याचा नकाशा मुलांना फार परका वाटतो. गोष्टीचा नकाशा, मग वाडीचा, मग गावाचा अशा पायऱ्या चढून आले की तो परकेपणा बराच कमी होतो.

भाषेबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. चित्रपुस्तके भाषेसाठी असतात असे सगळेच मानतात, तरी भाषेच्या अंगानेच त्यांचा उपयोग सर्वांत कमी होतो असे मला दिसते. माझ्या मुलांची घरची बोली मालवणी आहे. तुमच्याकडे ती वऱ्हाडी, अहिराणी, वारली, कातकरी, गोंडी काहीही असू शकेल. पाठ्यपुस्तकाच्या मराठीत ही मुले पहिले वर्षभर दबकून बोलतात. चित्र समोर आले की ती दबत नाहीत, कारण चित्राची कोणतीच प्रमाणभाषा नसते. शब्द नसलेली चित्रपुस्तके मी म्हणूनच सोन्यासारखी जपते. मुले आपापल्या बोलीत गोष्ट सांगतात आणि मी ती फळ्यावर जशीच्या तशी लिहून घेते. 'मांगर' म्हणाले तर मांगरच लिहायचे, त्याचे 'शेतघर' करायचे नाही. आपण बोललेले शब्द लिहिता येतात आणि लिहिलेले पुन्हा तसेच ऐकू येतात, हे पहिलीतल्या मुलाला उमगले की वाचनाचा अर्धा डोंगर पार झाला. नंतर छापील मराठीतला शब्द त्याच्या शेजारी लिहावा, त्याच्या जागी लिहू नये. दोन्ही शब्द वापरणारे मूल पुढे गरीब शब्दसंग्रहाचे राहत नाही.

फलटण येथील कमला निंबकर बालभवन, किंवा पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे येथील क्वेस्ट, यांनी मुलांच्या वाचन-लेखनावर वर्षानुवर्षे काम केले आहे. शक्य झाल्यास त्यांचे काम जरूर समजून घ्या. मी मात्र कोणत्याही एका पद्धतीचा झेंडा तुमच्या हाती देणार नाही.

तात्पर्य विचारणे मी पूर्णपणे सोडले आहे. मोठ्यांना तात्पर्य काढण्याची हौस असते. मूल गोष्टीतून काय घेऊन गेले हे ते तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत, दुसऱ्याच एखाद्या निमित्ताने सांगते. तेथे कान असले म्हणजे झाले.

आता वेळेचा प्रश्न. मी परिपाठानंतरची वीस मिनिटे यासाठी राखते आणि आठवडाभर एकच पुस्तक चालवते. सोमवारी-मंगळवारी नुसते वाचन. त्या दोन दिवसांत कोण काय म्हणाले हे मी एका चिठोऱ्यावर टिपून ठेवते. मंगळवारी दुपारी त्या चिठोऱ्यावरून एकच, फार तर दोन प्रश्न निवडते आणि पुढचे तीन दिवस ते प्रश्न ज्या विषयाचे असतील त्या विषयाच्या तासिकेत जातात. म्हणजे जादा वेळ फक्त वीस मिनिटांचा लागतो, बाकीचे काम त्या त्या विषयाच्या वेळातच होते. शनिवारी सकाळच्या शाळेत, आनंददायी शनिवारच्या निमित्ताने, पुस्तकावरून नाटुकले, चित्र किंवा पुस्तिका असे काहीतरी होते. एखाद्या आठवड्यात मुलांकडून कोणताच प्रश्न आला नाही तर पुस्तक नुसते वाचून ठेवून द्यायचे. ओढून-ताणून विषय काढायचा नाही. असे आठवडे येतात, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. वर्षभरात वीस-बावीस पुस्तके झाली आणि त्यांतल्या दहा-बारांतून काही निघाले तरी पुष्कळ झाले.

चार इयत्ता एकत्र असताना वाचन सर्वांचे एकत्र घ्यावे, काम मात्र निराळे द्यावे. बाजाराच्याच पुस्तकावर पहिलीची मुले वस्तूंची चित्रे काढून गट करत होती, दुसरीची भावफलक लिहीत होती, तिसरी-चौथीची मापांचा तक्ता करत होती. मोठ्या मुलांना लहानांना वाचून दाखवायला सांगावे, पण आदल्या दिवशी तयारीला पुस्तक घरी देऊन. तयारी न करता अडखळत वाचावे लागले तर त्या मुलाची लाज जाते आणि लहानांचा रस जातो.

तपासणीच्या वेळी हे दाखवायचे कसे, असाही प्रश्न तुमच्या मनात असेल. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून पायाभूत वाचन आणि संख्याज्ञान यांवर सगळ्यांचे लक्ष आहे, आणि ते असायलाच हवे. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकताच वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक आणि उपक्रम हे सगळे आधीपासून आहे. ती चिठोरी तारीख घालून वहीत चिकटवली की निरीक्षणाच्या नोंदी आपोआप तयार होतात, आणि त्या 'चांगला प्रतिसाद देतो' यासारख्या छापील वाक्यांपेक्षा फार बोलक्या असतात. जूनमध्ये एखाद्या मुलाने चित्रावर सांगितलेले एक वाक्य आणि डिसेंबरमध्ये तशाच दुसऱ्या चित्रावर सांगितलेली सात वाक्ये शेजारी ठेवली, तर केंद्रप्रमुखांना आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

पुस्तकांच्या निवडीबद्दल थोडक्यात. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी चित्रपुस्तके मिळतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ उघडले. त्यावरची मराठी पुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि खुल्या परवान्यामुळे छापताही येतात. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर चित्र मोठे दिसते, ही मोठी सोय आहे, पण पडद्यावरच्या पुस्तकावर बोट ठेवता येत नाही, म्हणून मी आवडलेले पुस्तक छापून घेते. या पुस्तकांत अनुवाद पुष्कळ असतात आणि सगळे सारख्या दर्जाचे नसतात. वाक्य जिभेवर अडखळत असेल तर वाचताना ते खुशाल बदलावे. मला एखाद्या पुस्तकाची परीक्षा करायची असते तेव्हा मी मजकूर झाकून फक्त चित्रे पाहते. चित्रांनी मजकुरात नसलेले काहीच सांगितले नाही, तर ते पुस्तक मी दुसऱ्या रांगेत ठेवते. पानापानावर उपदेश असलेली गुळगुळीत कागदाची जाड पुस्तके देणगीत नेहमी येतात. ती स्वीकारावी, डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवावी आणि वाचनाला दुसरी घ्यावी.

शेवटी त्या पेटीबद्दल. पुस्तके फाटतील, मग तपासणीत उत्तर द्यावे लागेल, या भीतीनेच ती पेटीत राहतात. कोकणात तर न उघडलेल्या पेटीत पावसाळाभर त्यांना बुरशी धरते, म्हणजे ती वापरली तरी जातात आणि न वापरली तरी जातात. खिडकीच्या गजांना सुतळी बांधून पुस्तके मधोमध उघडून लटकवावी, मुखपृष्ठे मुलांना दिसली पाहिजेत, आणि हात पोहोचेल एवढीच उंची ठेवावी. ऑक्टोबरमध्ये सगळी एकदा उन्हात घालावी. चिकटपट्टी, जाड दोरा आणि दाभण घेऊन दुरुस्तीचे काम चौथीच्या मुलांकडे द्यावे.

या दुरुस्तीतूनच आमच्याकडे गणिताचा एक अनपेक्षित पाठ झाला. सोळा पानांच्या एका पुस्तकाच्या मधल्या पिना गंजल्या आणि मधला कागद गळून हरवला. सहा क्रमांकाच्या पानानंतर एकदम अकरावे पान आले. एकच कागद गेला, मग चार पाने कशी गेली, असे मुलांनी विचारले. आम्ही दुसरे पुस्तक सोडवून पाहिले. प्रत्येक कागदावर मागेपुढे मिळून चार पाने असतात, आणि कागदाच्या एका बाजूवर शेजारी आलेल्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी सतरा येते: एक आणि सोळा, दोन आणि पंधरा, तीन आणि चौदा. मग चोवीस पानांच्या पुस्तकात ती पंचवीस येईल असे एका मुलाने आधीच सांगितले, आणि उघडून पाहिले तर तसेच निघाले. बहुतेक पुस्तकांची पाने सोळा, चोवीस किंवा बत्तीसच का असतात, हे एक मोठा कागद घडी घालत जाऊन पाहिले: एका घडीने चार पाने, दोनने आठ, तीनने सोळा.

हरवलेली सात ते दहा ही चार पाने मुलांनी स्वतः लिहून, चित्रे काढून जागेवर शिवली. गोष्टीत बकरी हरवते आणि सापडते. ती मधल्या चार पानांत कोठे गेली होती हे मुलांना आठवत होते, पण त्यांनी तिला मुद्दाम आमच्या गावच्या मांगरात पाठवले. ते पुस्तक अजून सुतळीवर आहे. दर वर्षी पहिलीत नवी मुले येतात आणि बकरी मध्येच आपल्या वाडीत कशी आली, असे विचारतात.